हॅमस्टरचा दुमजली पिंजरा: घेऊ नका

लेकीच्या हट्टापायी कोथरूडच्या एका दुकानातून सीरियन हॅमस्टर आणला, सोबत त्यांनीच सुचवलेला दुमजली पिंजरा. चाक तारेचं, जेमतेम 14 सेंटिमीटरचं. पळताना लाडूची, म्हणजे आमच्या हॅमस्टरची, पाठ धनुष्यासारखी वाकायची, आणि तिसऱ्या रात्री मागचा पाय तारांत अडकला. सोडवून हातात घेतला तेव्हा इवलंसं काळीज नुसतं धडधडत होतं. सीरियनला सलग पृष्ठभागाचं, 28 सेंटिमीटरचं चाक हवं.

“दोन न्या, सोबत होईल,” असंही दुकानदार म्हणाले. बरं झालं ऐकलं नाही. सीरियन हॅमस्टर एकत्र ठेवले तर एकमेकांच्या जिवावर उठतात.

आता मोठा प्लास्टिकचा डबा, जाळीचं झाकण, वीतभर कागदाचा चुरा. एप्रिलच्या दुपारी शहाबादी फरशीचा तुकडा ठेवते, त्यावर पोट टेकून पसरतो. त्या दुकानात सूर्यफुलाच्या बिया मात्र ताज्या मिळाल्या.