वेस्ट एंडची म्युझिकल्स: संगीत नाटकाच्या प्रेक्षकाचा अभिप्राय

लंडनच्या वेस्ट एंड या नाट्यगृहांच्या वस्तीत सध्या चालू असलेल्या म्युझिकल्सपैकी काहींनी चाळिशी गाठली आहे, तर काहींचे दुधाचे दात अजून पडायचे आहेत. ज्याचे कान ऑर्गन, तबला आणि ‘वन्स मोअर’च्या आरोळीवर तयार झाले आहेत, त्या मराठी प्रेक्षकाने यांतले काय पाहावे आणि कशासाठी खिसा रिकामा करू नये, याविषयीचे माझे मत येथे मांडतो आहे. माझी कसोटी साधी आहे. पद संपल्यावर पात्र सुरुवातीला होते तिथेच उभे असेल, तर ते पद कितीही गोड असो, नाटकाच्या कामाचे नाही. ही कसोटी आपल्या संगीत नाटकाला लावली तर निम्म्याहून अधिक पदे नापास होतील, हे मला ठाऊक आहे. पण आपल्याकडे गायक नट दर प्रयोगात त्या पदाला काही नवे देतो आणि प्रेक्षक बहुधा त्यासाठीच आलेला असतो. वेस्ट एंडमध्ये ती मुभा नाही. आठवड्याला आठ प्रयोग होतात, प्रकाशाचा आणि दृश्यबदलाचा प्रत्येक इशारा संगीताच्या ठरलेल्या मात्रेला बांधलेला असतो, आणि कोणी उत्साहाच्या भरात एक तान वाढवली तर पुढची सगळी यंत्रणा चुकते. त्यामुळे जे काही नाट्य आहे ते लिहितानाच गाण्यात घातलेले असावे लागते. ते तिथे नसेल तर प्रयोगात आयत्या वेळी कोणी आणू शकत नाही.

या कसोटीवर सर्वांत खरे उतरलेले नाटक म्हणजे ‘ऑपरेशन मिन्समीट’. रसेल स्ट्रीटवरचे फॉर्च्युन थिएटर वेस्ट एंडच्या मानाने अगदी लहान आहे, आणि या नाटकाला ते तसेच असायला हवे होते. 1943 साली ब्रिटिश गुप्तहेर खात्याने एका बेवारस मृतदेहाला रॉयल मरीन्स या नौदलाच्या सैनिकी दलातल्या मेजरचा गणवेश चढवला, त्याच्यासोबत खोटी लष्करी कागदपत्रे ठेवली आणि तो स्पेनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सोडला. दोस्त राष्ट्रे सिसिलीवर नव्हे, तर ग्रीस आणि सार्डिनियावर उतरणार आहेत, असा जर्मनांचा समज व्हावा, हा त्यामागचा डाव होता. या सत्यकथेतली सगळी पात्रे पाच नट साकारतात; टोपी बदलली की माणूस बदलतो, आवाज चढला की हुद्दा चढतो. 2019 साली जेमतेम ऐंशी खुर्च्यांच्या एका प्रायोगिक नाट्यगृहात सुरू झालेले हे नाटक 2024 मध्ये सर्वोत्कृष्ट नव्या म्युझिकलचा ऑलिव्हिए हा लंडनच्या रंगभूमीचा मानाचा पुरस्कार घेऊन गेले. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेतून वर आलेल्या नाटकांचा जो चटपटीतपणा असतो, त्याच जातीचा चटपटीतपणा येथे पहिल्या मिनिटापासून जाणवतो.

पण मी हे नाटक पहिल्या क्रमांकावर ठेवतो ते एका गाण्यासाठी. मृत मेजर खरा वाटावा म्हणून त्याच्या खिशात प्रेयसीचे पत्र ठेवायचे आहे, आणि ते कसे असावे यावर कचेरीत खल चालला आहे. हेस्टर लेगेट ही खात्यातली प्रौढ, कडक शिस्तीची सचिव ते काम अंगावर घेते. पत्रात उसासे आणि शपथा नकोत, घरच्या बारीकसारीक गोष्टी हव्यात, असे तिला वाटते, आणि ती मजकूर सांगू लागते. प्रेक्षक आधीच्या विनोदाच्या लाटेवर असल्यामुळे सुरुवातीला हसतो. मग हळूहळू ध्यानात येते की हे पत्र रचलेले नाही, आठवलेले आहे. आधीच्या महायुद्धात असेच पत्र कोणाला तरी गेले होते आणि उत्तर आले नव्हते. हे कोणी सांगत नाही. चालही फारशी वर चढत नाही. नट जवळजवळ जागचा हलत नाही आणि प्रेक्षागृहातला हशा आपोआप विरत जातो. ही भूमिका पुरुष नट करतो. ती घडवणाऱ्या जॅक मलोन यांना तिच्यासाठी 2024 मध्ये ऑलिव्हिए आणि 2025 मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेचा टोनी पुरस्कार मिळाला. बालगंधर्वांच्या प्रेक्षकांच्या नातवंडांना पुरुषाने स्त्री साकारण्याचे नवल वाटू नये, परंतु येथे शालू, दागिने आणि लालित्य यांचा कसलाही आधार नाही, आणि विडंबनही नाही. इकडे एका बाईने साकारलेला बडबड्या, आत्मप्रौढ अधिकारी आणि तिकडे एका पुरुषाने साकारलेली ही अबोल बाई, अशी अदलाबदल दहा मिनिटांत इतकी अंगवळणी पडते की तिची वेगळी चर्चा करावीशी वाटत नाही. उणीव सांगायची तर उत्तरार्धात कथानकाचे धागे आवळताना शब्दांची गर्दी होते, आणि नाझी सैनिकांना बॉय-बँडच्या थाटात नाचवणारे दुसऱ्या अंकाच्या आरंभीचे गाणे थोडे आधी संपले असते तर अधिक बोचले असते.

दुसरा क्रमांक ‘हेडस्टाउन’चा. शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवरच्या लिरिक थिएटरमध्ये चालणाऱ्या या नाटकाच्या लेखिका आणि संगीतकार अनाइस मिचेल यांनी 2006 साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात गावातल्या मंडळींना घेऊन ते पहिल्यांदा उभे केले. पुढे त्याचा संगीतसंच निघाला, 2019 मध्ये ते ब्रॉडवेवर गेले आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा टोनी त्याने पटकावला. ऑर्फियस आपल्या मृत पत्नीला परत आणण्यासाठी पाताळात उतरतो आणि परतताना मागे वळून न पाहण्याची अट मोडून तिला गमावतो, ही ग्रीक कथा. सावित्रीने यमाला बोलण्यात गुंतवले, ऑर्फियस त्याला गाण्याने विरघळवतो. फरक इतकाच की सावित्री मागे वळून पाहत नाही. वादक मंडळी रंगमंचावरच बसलेली असतात आणि ट्रॉम्बोनवाला तर अर्धा नटच आहे. साथीदार डोळ्यांसमोर असण्याची सवय तमाशा आणि कीर्तनाच्या प्रेक्षकाला जुनीच असल्यामुळे या नाटकात आपल्याला पाहुणे झाल्यासारखे वाटत नाही. देवांचा दूत हर्मीस हा तर सरळ सूत्रधार आहे.

पहिल्या अंकाच्या शेवटी पाताळाचा राजा आपल्या कामगारांना विचारतो की आपण भिंत का बांधतो. ते उत्तर देतात, त्या उत्तरातून तो पुढचा प्रश्न काढतो, आणि दर कडव्याला मागच्या सगळ्या ओळींत एका ओळीची भर पडत जाते. भिंत शत्रूला बाहेर ठेवते, शत्रू म्हणजे दारिद्र्य, आणि आपल्याजवळ काम आहे कारण भिंत अजून पुरी झालेली नाही, असा हा युक्तिवाद गोल फिरून स्वतःचीच शेपटी पकडतो, तरी गाणाऱ्यांच्या तोंडावर समाधान दिसते. चाल खर्जातली, ठेका घणाचा. गाण्याने विचार कसा मांडावा याचा याहून चांगला नमुना सध्याच्या वेस्ट एंडमध्ये मला दिसला नाही. माझी एक तक्रार मात्र आहे. ज्या सुरावटीने मृत्यूचा राजा पाघळतो ती सुरावट ऐकणाऱ्यालाही तशीच पटली पाहिजे. येथे ऑर्फियसला दिलेली धून सुबक आहे, पण कुमार किंवा वसंतरावांच्या आवाजावर वाढलेल्या श्रोत्याला तिच्यावर विश्वास ठेवण्यासाठी थोडी सवलत द्यावी लागते.

‘हॅमिल्टन’विषयी इतके लिहून झाले आहे की नव्याने सांगण्यासारखे थोडेच उरते. अमेरिकेच्या पहिल्या अर्थमंत्र्याचे चरित्र रॅपमध्ये सांगणारे लिन-मॅन्युएल मिरांडा यांचे हे नाटक 2017 च्या डिसेंबरपासून व्हिक्टोरिया पॅलेसमध्ये आहे. पोवाड्याच्या श्रोत्याला ते परके वाटण्याचे कारण नाही, कारण शाहीरही डफाच्या ठेक्यावर इतिहास असाच धावता सांगतो, आणि तोही आपल्या बाजूने सांगतो. रचनेच्या दृष्टीने पाहण्यासारखा भाग लग्नाचा आहे. नायकाची एलायझाशी भेट आणि लग्न आपण एका आनंदी गाण्यात पाहतो. लगेच तिची बहीण लग्नात शुभेच्छा देण्यासाठी पेला उंचावते आणि अख्खा रंगमंच उलटा फिरू लागतो, नर्तक आपल्या हालचाली मागे घेत जातात, आणि तीच भेट तिच्या बाजूने पुन्हा घडते; तेव्हा कळते की त्याच्यावर तिचेही मन जडले होते आणि तिने ते बहिणीसाठी बाजूला सारले. दुसऱ्यांदा पाहताना पहिल्या गाण्यातल्या तिच्या साध्या जागासुद्धा वेगळ्या दिसतात. इंग्लंडचा राजा जॉर्ज येऊन निसटत्या वसाहतीला प्रेमभंगाच्या सुरात धमकावतो तेव्हा लंडनचा प्रेक्षक स्वतःच्याच राजावर जो हसतो, तो हशाही ऐकण्यासारखा आहे. ज्यांना इंग्रजी रॅप ऐकण्याचा सराव नाही त्यांनी गाणी आधी ऐकून जावे; तसे न केल्यास पहिला अर्धा तास नुसता वेगच कानावर पडतो.

‘ले मिझेराब्ल’ 8 ऑक्टोबर 1985 रोजी बार्बिकनमध्ये सुरू झाले, समीक्षकांनी त्याला झोडपले आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. आज ते साँडहाइम थिएटरमध्ये चालते. क्लॉद-मिशेल शोनबेर्ग यांच्या संगीतात काही मोजक्या चाली वेगवेगळ्या पात्रांकडे फिरत राहतात, आणि पहिल्या अंकाच्या अखेरीस सगळे धागे एकाच समूहगीतात एकमेकांवर चढतात. प्रेमिक, क्रांतिकारक, पोलीस अधिकारी, भामटे जोडपे, प्रत्येकजण उद्याच्या दिवसाविषयीच गातो आणि प्रत्येकाचा उद्याचा दिवस निराळा आहे. चाळीस वर्षांनंतरही हे गाणे जसेच्या तसे अंगावर येते. माझा आक्षेप नव्या मांडणीला आहे. 2019 पर्यंतच्या मूळ प्रयोगात फिरता रंगमंच होता. मराठी रंगभूमीने 1962 साली ‘तो मी नव्हेच’मध्ये तो आणला तेव्हा प्रवेशांतला वेळ वाचवणे हा त्याचा मोठा उपयोग होता, ‘ले मिझेराब्ल’मध्ये तोच कथेचा कणा झाला होता. लढाई संपल्यावर क्रांतिकारकांनी रस्त्यात रचलेला अडसर शांतपणे फिरायचा आणि पलीकडच्या बाजूला पडलेली तरुण प्रेते समोर यायची. आता फिरता रंगमंच गेला आणि त्याच्या जागी पडद्यावरची चलचित्रे आली. ती मूळ कादंबरीचा लेखक व्हिक्टर ह्यूगो याने स्वतः काढलेल्या चित्रांवरून घेतलेली आहेत हे कौतुकास्पद असले, तरी चित्र पाहणे आणि तीच जागा दुसऱ्या अंगाने समोर येणे यांत मोठे अंतर आहे. तरीही नायक वालजाँ झोपलेल्या तरुणाच्या उशाशी बसून देवाची करुणा भाकतो तो उंच, नाजूक स्वर ज्या रात्री नटाला नेमका लागतो, त्या रात्री हा आक्षेप मी विसरतो.

‘द फँटम ऑफ दि ऑपेरा’ 1986 पासून एकाच नाट्यगृहात आहे आणि 2025 च्या मार्चमध्ये ते मुंबईत नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रातही येऊन गेले, त्यामुळे पुष्कळ वाचकांनी ते पाहिले असेल. मारिया ब्योर्नसन यांचे नेपथ्य, धुक्यातून सरकणारी नाव आणि कोसळणारे झुंबर अजूनही डोळ्यांचे पारणे फेडतात. पण कोविडनंतर लंडनमध्ये 27 वादकांचा ताफा 14 वर आला, आणि ज्या नाटकाचा विषयच भव्य ऑपेरागृह आहे त्याला ही काटकसर शोभत नाही. प्रयोग निर्दोष होतो. हालचाली इतक्या घोटलेल्या आहेत की संग्रहालयातली वस्तू काचेआडून पाहावी तसे वाटते, आणि नायिकेचा गळा कितीही तयार असला तरी तिच्याकडून काही अनपेक्षित घडेल ही आशा दुसऱ्या प्रवेशातच मावळते.

बाकीच्यांचा हिशेब थोडक्यात देतो. ‘द लायन किंग’चा आरंभ, म्हणजे प्रेक्षकांमधून चालत येणारे प्राणी आणि काठ्यांवर तोलत येणारे जिराफ, हा मुखवट्यांच्या रंगभूमीचा सोहळा आहे, बोहाडा किंवा दशावतार पाहिलेल्याला तो दुप्पट भावेल. तो ओसरल्यानंतर उरते ते चित्रपटाचेच कथानक. मुले सोबत असतील तर जावे. ‘विकेड’चा पहिला अंक दमदार आणि दुसरा घाईत उरकलेला आहे. आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांना पॉप गायिका बनवणारे ‘सिक्स’ मध्यंतराशिवाय सव्वा तासाच्या आसपास संपते. ती मैफल म्हणून उत्तम आहे, नाटक म्हणून तिच्याकडे पाहू नये.

तिकिटांचे दर हा निराळाच दुखरा भाग आहे. आपल्याकडे नाटक टेम्पोत बसून गडकरी रंगायतन, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह अशी फिरती करते आणि प्रेक्षकाला पहिल्या रांगेची चैन परवडते. येथे एकच नाटक एका वास्तूत वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते आणि चांगल्या खुर्चीचा दर शनिवारच्या गर्दीप्रमाणे चढत जातो. लेस्टर स्क्वेअरमधल्या टीकेटीएसच्या खिडकीवर सवलतीची तिकिटे मिळतात आणि अनेक नाटके त्याच दिवशीची काही तिकिटे स्वस्तात विकतात. ‘हॅमिल्टन’ सोडत काढते. आठवड्याच्या मधल्या वाराची रात्र निवडावी. जुन्या नाट्यगृहांत वरच्या मजल्यांवरचा चढ छातीत धडकी भरवणारा असतो, गुडघ्यांना जागा नसते आणि खांबामागची खुर्ची ‘दृश्य अंशतः अडलेले’ अशी नोंद करून विकली जाते. ती नोंद वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. ‘हेडस्टाउन’ थोडे वरून पाहावे, म्हणजे पाताळाच्या वाटेवर झोके घेणाऱ्या दिव्यांची रचना पूर्ण दिसते. ‘ऑपरेशन मिन्समीट’ मात्र खाली, शक्य तितके पुढे बसूनच पाहावे, कारण तिथली निम्मी गंमत पाच नटांच्या भिवयांत आहे आणि ती तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचत नाही.