तालमीसाठी कुस्तीची गादी: काय घ्यावं, कुठं फसतं

मातीतल्या कुस्तीचा 20 फूट लांब, 20 फूट रुंद आणि 3 फूट खोल हौद भरायला 12 ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) लाल माती लागते. ती चाळायची, खडा वेचायचा, ताक, तेल, लिंबू, हळद घालून कालवायची आणि त्यानंतर रोज सरावाआधी खोऱ्यानं उकरून पुन्हा भुसभुशीत करायची. सांगली-साताऱ्याकडच्या तालमींना ही मेहनत कुणी शिकवावी लागत नाही. पण त्याच तालमीत गादी आली की ती अंथरली जाते आणि विषय संपतो. दोन पावसाळ्यांत कव्हर फाटतं, फोम बसतो, पोरांच्या अंगावर गजकर्ण उठतं आणि मग ‘गादी काय आपल्याकडं टिकत नाही’ असं ठरतं. गादी टिकते. मात्र घेताना नीट पारखावी लागते आणि मातीइतकीच रोजची निगा द्यावी लागते.

गादी हवीच का, हा वाद आता जुना झाला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरले, तेव्हा मॅट, म्हणजेच गादी, त्यांच्या सवयीची नव्हती. तरीही ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी 57 किलो गटात फ्रीस्टाइलचं ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर या दोघांनीही एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य जिंकलं. तिघंही मातीत घडलेले आणि तिघांनाही पदक गादीवर मिळालं. आज महाराष्ट्र केसरीतही माती विभाग आणि गादी विभाग वेगळे खेळवले जातात. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी ती जिंकली. मुलींचा सराव सुरू करायचा असेल तर गादीशिवाय पुढं जाताच येत नाही, कारण त्यांच्या जवळपास सगळ्या अधिकृत स्पर्धा गादीवरच होतात.

आता मालाकडं. बाजारात ‘कुस्तीची मॅट’ म्हणून चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली म्हणजे दातेरी कडांची, एकमेकांत अडकवायची 1 मीटर बाय 1 मीटरची टाइल. जाडी 2 ते 4 सेंमी. ही कराटे-तायक्वांदोसाठी चांगली. कुस्तीला घेऊ नका. कुस्तीत पाय जमिनीला रेटून आडवा जोर लागतो. एकेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडताना, मागच्या पायाच्या अंगठ्यावर सगळं वजन येतं आणि त्या जोरानं सांधा उघडतो. उघडलेल्या फटीत बोट अडकलं की घोटा नाही तर गुडघा जातो. स्वस्त म्हणून बऱ्याच तालमी हीच घेतात आणि सगळ्यात जास्त पस्तावतात.

दुसरी, गुंडाळी करून ठेवता येणारी हलकी मॅट. जाडी 3 ते 4 सेंमी, वरचा थर फोमला चिकटवलेलाच असतो. पट्टे शेजारी-शेजारी उलगडायचे आणि सांध्यावर रुंद चिकटपट्टी मारायची. शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी अंथरून रात्री उचलायची असेल, तर हिच्यासारखी सोय नाही. मात्र कलाजंग किंवा भारंदाज अशा उचलून टाकायच्या डावांचा सराव हिच्यावर करायचा नाही. उंचावरून पडणारं वजन ही जाडी झेलत नाही.

तिसरी आणि चौथी बाहेरून सारख्याच दिसतात: 1 मीटर बाय 2 मीटरचे सुटे फोमचे तुकडे आणि वर एकसंध ताणून बांधलेलं पीव्हीसीचं कव्हर. फरक आत असतो. एकात फोमचा चुरा दाबून केलेला रिबॉन्डेड फोम, दुसऱ्यात बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा फोम. रिबॉन्डेडची उडी चांगली, पाठ टेकताना तो मऊ लागतो आणि किंमतही कमी. पण तो स्पंजासारखं पाणी ओढतो, घाम ओढतो, आणि आतून कुजायला लागला तरी वरून कळत नाही. कृष्णाकाठच्या तालमीनं बंद छिद्रांचाच घ्यावा. या एका गोष्टीत पैसे वाचवू नयेत.

दुकानदार दोन्हींना ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो, कारण कव्हर वॉटरप्रूफ असतं. म्हणून नमुना मागा. साधारण 15 सेंमी बाय 15 सेंमीचा तुकडा तोळ्या-ग्रॅमच्या काट्यावर तोला, बादलीत दगडाखाली रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी वरचं पाणी पुसून पुन्हा तोला. वजन दुपटीवर गेलं तर तो पाणी पिणारा फोम आहे, नाव काहीही असो. दुसरी परीक्षा दाबाची. तशाच कोरड्या तुकड्यावर फळी ठेवून त्यावर सिमेंटचं 50 किलोचं पोतं 24 तास ठेवा. काढल्यावर तासाभरानं जाडी मोजा. 6 सेंमीचा तुकडा साडेपाचच्या खाली राहिला, तर वर्षभरात गादीच्या मधोमध खळगा पडणार. तिसरी परीक्षा गुडघ्याची: नमुन्यावर एका गुडघ्यावर सगळं वजन टाकून बसा. खालची फरशी लागली तर माल मऊ आहे. फार मऊ गादी पैलवानाला सुरुवातीला आवडते. पण तळवा आत रुतला की पाय वळत नाही, अंग मात्र वळतं, आणि तो पीळ गुडघ्याच्या दोऱ्यांवर (लिगामेंटवर) येतो.

सगळे तुकडे एकाच जाडीचे आहेत का, हे माल उतरवतानाच पाहा. 6 सेंमी जाडीच्या 10 तुकड्यांची एक चळत लावा, शेजारी दुसरी. दोन्ही 60 सेंमी भरल्या पाहिजेत. तुकड्यातुकड्यात 2-3 मिलिमीटरचा फरक असला तरी कव्हरखाली कड जाणवते.

मापाचा गोंधळ फार होतो. स्पर्धेची गादी 12 मीटर बाय 12 मीटर. मधलं कुस्तीचं वर्तुळ 7 मीटर व्यासाचं, त्याभोवती 1 मीटर रुंदीचा रंगीत पट्टा, म्हणजे एकूण 9 मीटर, आणि बाहेर सर्व बाजूंनी किमान दीड मीटर संरक्षक भाग. या मापाला 1 बाय 2 चे 72 तुकडे लागतात. पण आपल्याकडची तालमीची खोली बहुतेकदा 30 फूट बाय 40 फूट किंवा त्याहून लहान. 30 फूट म्हणजे 9.1 मीटर. तिथं 12 ची गादी मागवून कडा भिंतीवर चढवलेल्या दिसतात, आणि ते धोक्याचं आहे. अशा खोलीत 8 बाय 8 ची गादी घ्या: 32 तुकडे, चार जोड्या मोकळेपणानं लढतात. भिंत एक मीटरच्या आत आली, तर तिच्यावर दीड मीटर उंचीपर्यंत तोच फोम बसवा. वर्तुळ 8 मीटरमध्ये पूर्ण मावत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. 7 मीटरचं आतलं वर्तुळ आणि पट्ट्याची सुरुवात दिसली की काठावर पाय कसा ठेवायचा, बाहेर ढकलल्याचा गुण कसा वाचवायचा हे पोरांना शिकवता येतं. मातीतल्या पैलवानाचे सगळ्यात जास्त गुण तिथंच जातात, कारण निकाली, म्हणजे चीतपट होईपर्यंत चालणाऱ्या कुस्तीत काठाची भीतीच नसते. दुसरी अडचण वेळेची. गादीवर 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये 30 सेकंद विश्रांती. त्यासाठी भिंतीवर सगळ्यांना दिसेल असं मोठं घड्याळ लावा. हा खर्च गादीच्या मानानं काहीच नाही आणि फायदा मोठा.

कव्हर पाहताना सांधे उलटून बघा. पट्टे उष्णतेनं जोडलेले हवेत, शिवलेले नकोत. शिलाईच्या भोकांतून घाम आत झिरपतो आणि सहा महिन्यांत दोरा सुटतो. वर्तुळाचे रंग वेगळ्या कापडाचे जोडलेले किंवा पक्के छापलेले असावेत. वरून मारलेला रंग नखानं खरवडून पाहा. सुटला तर घामानंही सुटेल.

अंथरण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. खाली शहाबादी फरशी असेल, तर पाणसळ लावून उंच-सखलपणा बघा आणि दोरी ताणून खळगे शोधा. खळग्यात सिमेंट भरून आधी सपाट करा. फरशीतून ओल वर येते, म्हणून जाड प्लास्टिक कागद अंथरून मगच तुकडे ठेवा. तुकडे विटांच्या बांधकामासारखे सांधा सोडून लावा. चार कोपरे एका ठिकाणी आले की तिथंच फट पडते. सगळ्या बाजूंनी लाकडी चौकट किंवा लोखंडी अँगल हवा, नाहीतर रोजच्या रेट्यानं तुकडे बाहेर सरकतात आणि मधल्या फटी रुंदावतात.

कव्हर नेहमी दुपारी ताणायचं. पीव्हीसी उन्हाळ्यात पसरतं, थंडीत आकसतं. सकाळच्या गारव्यात ताणून बांधलेलं कव्हर दुपारी सैल पडतं, त्याला सुरकुत्या येतात आणि त्या सुरकुतीवर कोपर घासून कातडी निघते. आधी तासभर उन्हात पसरून घडीच्या खुणा जाऊ द्या, मग समोरासमोरच्या बाजू एकाच वेळी ओढा. एक बाजू पूर्ण बांधून मग दुसरी ओढली तर वर्तुळ अंड्यासारखं होतं.

आता निगा. मातीत हळद आणि ताक घालायची रीत आहे. हळदीला तर आपल्याकडं तोटा नाही, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मातीची ही निगा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गादीला असली कुठलीच रीत नाही. तिच्यावर सांडलेला घाम तिच्यावरच राहतो. म्हणून रोजचं काम ठरवून द्या. सरावाआधी झाडू, मग साबणाच्या पाण्याचा पोछा, मग जंतुनाशक. साधारण 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट 1 लिटर पाण्यात 15 ते 20 मिलि, रोज नवीन कालवून. गादी 10 मिनिटं ओली राहू द्या, नंतर साध्या पाण्यानं पुसून पूर्ण वाळवा. हे द्रावण फिनेल किंवा अॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. गादीचा पोछा आणि संडास-पडवीचा पोछा वेगळा. ज्याच्या अंगावर गजकर्ण किंवा पुवाचे फोड दिसतील त्याला बरा होईपर्यंत गादीवर घेऊ नये. वस्तादांनी इथं मुलाहिजा ठेवला की पंधरा दिवसांत निम्मी तालीम खाजवत असते.

हौद आणि गादी एकाच आवारात असेल तर मधे नळ आणि काथ्याचं पायपुसणं हवंच. हौदातून निघालेला पैलवान तेल-मातीनं माखलेला असतो. तेलानं गादी निसरडी होते आणि मातीचा कण पॉलिश पेपरासारखा कव्हर घासतो. आधी गादी, नंतर माती, असा सरावाचा क्रम लावला तर हा प्रश्नच उरत नाही. गादीवरचे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत.

उघड्यावर स्पर्धा घेणाऱ्यांनी वरचं छत आधी ठरवावं. 2022 च्या एप्रिलमध्ये साताऱ्याच्या महाराष्ट्र केसरीत पावसानं कुस्त्या थांबवाव्या लागल्या होत्या. वळवाचा पाऊस तिरका येतो. नुसता वर मांडव पुरत नाही, कनात आणि गादी झाकायला ताडपत्री तयार लागते.

आणि पूर. 2005, 2019 आणि 2021 पाहिल्यावर नदीकाठच्या तालमीनं गादी वर कशी न्यायची हे पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावं. कव्हर घडी न घालता 4 इंची पाइपावर गुंडाळायचं. तुकडे पहिल्या मजल्यावर आडवे रचायचे. उभे ठेवले की वाकतात, आणि जमिनीवर ठेवले की उंदीर पोखरतात. 32 तुकडे आणि कव्हर हलवायला आठ पोरांना तास-दीड तास पुरतो. वेळ मिळाली नाही आणि गादी बुडाली, तर रिबॉन्डेड फोम फेकून द्या, तो पुन्हा वापरायच्या लायकीचा राहत नाही. बंद छिद्रांचे तुकडे गाळ धुऊन, जंतुनाशक लावून, सावलीत चार-पाच दिवस वाळवले की परत लागतात. हौदाला मात्र वेळ द्यावा लागतो: वरचा गाळ काढायचा, पूर्ण वाळू द्यायचं, सगळी माती पुन्हा चाळायची. तोवर पोरांचा सराव गादीवर चालू ठेवा.