आतडं काढल्यावर: आसट भात की जोंधळ्याची भाकरी?

डिस्चार्ज मिळून घरी आलो त्याच दिवशी हा वाद सुरू झाला. आई खानापूरकडची. आजारी माणसाचं जेवण म्हणजे भात, याबद्दल तिच्या मनात शंकाच नाही. सासर गोकाकचं. सासूबाई वर लोण्याचा गोळा ठेवलेल्या दोन भाकऱ्या फडक्यात बांधून घेऊन आल्या. "जावईबापू, नुसत्या भातानं ताकद कुठली येतीया?" दोघींचाही जीव माझ्यासाठी तुटत होता. माझं मोठं आतडं पूर्ण काढलेलं, लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून पिशवी लावलेली. पुढे वर्षभर मी दोन्ही खाऊन बघितलं. तुमच्याही घरी हाच प्रश्न असेल, म्हणून लिहितोय.

पहिल्या सहा-आठ आठवड्यांत खरं तर निवडायला काही नसतंच. पोटावरचं तोंड सुजलेलं असतं आणि चोथा असलेलं काही तिथे अडकू शकतं. शंभर ग्रॅम जोंधळ्यात साधारण 10 ग्रॅम चोथा, तर पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमच्या आत. म्हणून त्या दिवसांत भातच. प्रश्न येतो तो त्यानंतर, डॉक्टर "आता हळूहळू सगळं खा" म्हणतात तेव्हा.

भाकरीच्या बाजूनं आधी सांगतो, कारण ती माझ्या आवडीची. पोट भरल्यासारखं वाटतं ते भाकरीनंच. भात खाऊन दोन-अडीच तासांत मला पुन्हा भूक लागायची आणि ऑपरेशननंतर आधीच आठ किलो वजन उतरलेलं. शिवाय आजारीपण संपल्याची खूण म्हणूनही भाकरी हवीशी वाटते. गरम भाकरीचा पापुद्रा सुटताना जो वास येतो त्यानं मला पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं होतं. चावून चावून, अगदी तोंडात पीठ होईपर्यंत चावून खाल्ली तर त्रासही फारसा झाला नाही. थोडा वारा धरायचा, पिशवी फुगायची, पण ते चालवून घेण्यासारखं होतं.

नडलं ते वेगळंच. भाकरी कोरडी घशाखाली उतरत नाही.

मोठं आतडं असताना याचा कुणी विचार करत नाही. आपल्याकडे भाकरीबरोबर आमटी, पातळ पिठलं, नाहीतर ताक असतंच. पण पाणी आणि मीठ शोषायचं काम मोठं आतडं करतं, आणि तेच नसलं की जेवताना प्यालेलं पातळ सगळं जेवणाला ढकलत पुढे नेतं. म्हणून पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी नाहीतर अर्धा तास नंतर प्यावं, असं मला सांगितलं होतं. भातासोबत हे पाळता येतं, भाकरीसोबत मला एकदाही जमलं नाही. दुधात कुस्करली, ताकात कुस्करली, पण ते तर आणखी पातळ. काठ काढून नुसता मधला मऊ भाग लोण्याशी खाल्ला तरी चौथ्या घासाला हात तांब्याकडे जायचाच.

एकदा निपाणीला पाहुण्यांकडे सकाळी दीड भाकरी, पिठलं आणि आग्रहानं दोन पेले ताक झालं. दुपारच्या बसनं बेळगावला निघालो. संकेश्वर मागे पडलं आणि शर्टाखाली पिशवी जड झाल्याचं कळायला लागलं. यमकनमर्डी येईपर्यंत पिशवी कातडीला चिकटवायच्या चकतीची खालची कड सुटून कातडीला आग लागली होती. तिथेच उतरलो. हॉटेलच्या मोरीत, कडी नसलेल्या दाराला पाठ लावून पिशवी बदलली. आत नुसतं पाणी होतं. संध्याकाळी पायात गोळे आले आणि डोकं धरलं. मीठ गेलं होतं. साधं पाणी कितीही प्यालं तरी ते भरून येत नाही, ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून घोट घोट घ्यावं लागलं.

भातानं हे कधी केलं नाही. पिशवीत जे येतं ते लापशीइतकं दाट असावं, आणि भात, उकडलेला बटाटा, पिकलं केळ यांनी ते दाट होतं. मात्र भात कसा करता यावर बरंच अवलंबून आहे. पेज नको, ती पुन्हा पातळच. आमच्याकडे एका वाटीला साडेतीन वाट्या पाणी घालून मंद आचेवर शिजवतात आणि झाकण ठेवून पंधरा मिनिटं मुरू देतात, म्हणजे पाणी आत जिरतं आणि भात आसट राहतो. वर चमचाभर तूप, घट्ट दही, नेहमीपेक्षा जरा सढळ मीठ. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. भुकेवर मी उपाय केला तो पाच वेळा थोडं थोडं खाण्याचा, आणि रात्रीचं जेवण सातच्या आत. तेव्हापासून रात्री दोनला उठून पिशवी रिकामी करणं जवळजवळ थांबलं.

हे सगळं माझ्या पोटापुरतं आहे. मोठ्या आतड्याचा थोडाच भाग काढून लगेच जोडलं असेल, पिशवी नसेल, तर तुमचं गणित निराळं. माझ्या ओळखीत तसे एक गृहस्थ आहेत, त्यांना तर बद्धकोष्ठ होतं आणि तीन महिन्यांनी भाकरीच मानवली. लहान आतडं बरंच कापलं गेलं असेल तर माझं काही न ऐकता आहारतज्ज्ञांकडे जा. बाकी ज्यांच्या पोटावर पिशवी आहे आणि ज्यांना घराबाहेर पडावं लागतं, त्यांनी निदान पहिले सहा महिने भातावर राहावं, असं मला मनापासून वाटतं. मी आजही प्रवासाच्या दिवशी भातच खातो.

भाकरी खाऊन बघायचीच तर घरी, सकाळी, एक चतकोर. सोबत शेंगदाण्याची चटणी, मक्याचे दाणे, ओलं खोबरं नको, अडकणाऱ्या वस्तू याच. त्यानंतर पाच-सहा तास पिशवी कोरडी राहिली, पोटात कळा येऊन उलटी झाली तर वाट न बघता दवाखाना गाठा. काही झालं नाही तर दोन दिवस थांबून दुसरा चतकोर.