आई कुठे काय करते: अरुंधती तर आहेच, पण मला संजना जास्त लक्षात राहिली

सिरीयल संपून बरेच दिवस झाले (डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४, स्टार प्रवाह), पण हॉटस्टारवर परत पहिल्यापासून बघायला घेतलीये म्हणून लिहितेय. आमच्याकडे साडेसात म्हणजे आईचा पोळ्यांचा टाइम, ती गॅस बारीक करून लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि एक तरी पोळी करपायचीच. मी आधी कानावर पडेल तेवढीच ऐकायचे, मग मीपण रोज साडेसातला लॅपटॉप मिटून बाहेर यायला लागले.

अरुंधती सगळ्यांनाच आवडते, मलापण खूप आवडते. मधुराणी प्रभुलकरने काय केलंय ते! २५ वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं, अनिरुद्धचं, ऑफिसमधलं प्रकरण कळतं आणि ती लगेच कंबर कसून उभी वगैरे राहत नाही, ती आधी गोंधळते, गप्प होते, घरातल्यांचं चहापाणी बघतच राहते आणि मग हळूहळू एकेका गोष्टीला नाही म्हणायला लागते. डिव्होर्स घेते. लग्नानंतर सुटलेलं गाणं परत धरते, आणि मधुराणी स्वतः गाते त्यामुळे ते खोटं वाटत नाही. मुग्धा गोडबोलेंचे डायलॉग पण असे की आपल्या घरात कुणीतरी बोलतंय असंच वाटतं.

पण माझी फेव्हरेट संजना, म्हणजे अनिरुद्धचं ते ऑफिसमधलं प्रकरण. आधी दीपाली पानसरे होती, लॉकडाऊननंतर रुपाली भोसले आली आणि सुरुवातीला तर टीव्हीत हात घालून तिला बाहेर काढावंसं वाटायचं. अरुंधतीला इंग्रजीवरून, साडीवरून, कशावरूनही कमी लेखणारी. मग तिचं अनिरुद्धशी लग्न होतं, ती त्याच समृद्धी बंगल्यात सून म्हणून येते, तीच सासू, तीच मुलं, आणि ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं तो माणूस मात्र अरुंधती कुठे जाते, तिच्या कॉलेजमधल्या मित्राबरोबर, आशुतोषबरोबर का दिसते यातच अडकलेला. संजना हुशार आहे, कमावती आहे, टापटीप आहे, तरी तिचीपण घरात तीच गत. आमची आई दारात उभ्या उभ्या म्हणाली होती, "अगं, हिचंपण तेच झालं की गं", आणि तिच्या आवाजात चक्क कळवळा होता, त्याच संजनाबद्दल जिला ती वर्षभर शिव्या घालत होती! एखाद्या व्हिलनबद्दल असं वाटायला लावणं सोपं नाहीये, रुपालीला फुल मार्क.

अरुंधतीची सासू कांचनआजी (अर्चना पाटकर) तर मला घरातल्याच वाटतात. लेकाची चूक दिसतेय तरी त्याला पाठीशी घालायचं आणि सुनेला बोलायचं, पण जीवही तिच्यावरच. अरुंधतीच्या आशुतोषशी दुसऱ्या लग्नाला सासरे अप्पा ठामपणे तिच्या बाजूने उभे राहतात आणि आजींना ते काही केल्या पटत नाही, तेव्हा मला त्यांचा राग नाही आला, वाईट वाटलं. त्या पिढीच्या बाईला सून दुसरं लग्न करते हे कुठून पटणार? अरुंधतीची सून अनघापण आवडते (अश्विनी महांगडे, संभाजी मालिकेतल्या राणूअक्का), सगळ्यात समंजस, आणि घरकाम करणारी विमल तर हवीच, तिच्याशिवाय त्या घरात एक दिवस चालणार नाही.

न आवडलेलं पण सांगते. खूप ताणली. अरुंधतीच्या मुलीचे, ईशाचे हट्ट इतके वेळा दाखवले की मी फॉरवर्ड करायला लागले. आशुतोषला ॲक्सिडेंटमध्ये मारलं ते तर मला अजिबातच पटलं नाही, अरुंधतीने केवढ्या हिमतीने तो संसार मांडला होता आणि तोपण काढून घेतला. मार्च २०२४ मध्ये सिरीयल दुपारी अडीचला टाकली, आई तेव्हा दुकानात असते, त्यामुळे तिची सुटलीच.

नवीन बघणाऱ्यांनी डिव्होर्सपर्यंतचा भाग आणि त्यानंतरची संजना सुनेच्या जागी येते तो ट्रॅक अजिबात सोडू नका, शेवटचं वर्ष नाही बघितलं तरी चालेल. माझ्याकडून पाचपैकी चार. आईला आता मोबाईलवर लावून दिलीये, पोळ्या करताना फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि पिठाच्या हाताने पॉझ करते, स्क्रीन पुसायचं काम माझ्याकडे.