लायन्स मेनची कॅप्सूल की दुसरी गोळी? फीट थांबत नसतील तर काय निवडावं

अपस्माराच्या (एपिलेप्सीच्या) गोळ्या चालू आहेत, तरी मधूनमधून फीट येतेच, आणि कुणीतरी लायन्स मेन किंवा रेशी या औषधी अळंब्यांच्या कॅप्सूल सुचवल्या आहेत. मग 'केमिकल की नैसर्गिक' असा वाद सुरू होतो. तो वाद निरर्थक आहे. कोणता उपाय फीटच्या रुग्णांवर नीट पारखला गेलाय, एवढंच बघायचं.

अळंबीची बाजू अगदीच पोकळ नाही. लायन्स मेनमधली हेरिसिनोन आणि एरिनासिन ही द्रव्यं प्रयोगशाळेत चेतापेशींना जगवणाऱ्या प्रथिनाची निर्मिती वाढवतात. पायलोकार्पिन हे रसायन देऊन फीट आणलेल्या उंदरांना लायन्स मेनचा अर्क दिला, तेव्हा हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीच्या भागातल्या पेशी कमी मेल्या. कॉर्डिसेप्स या आणखी एका औषधी अळंबीतल्या कॉर्डिसेपिनची रचना ॲडेनोसिनशी मिळतीजुळती, आणि ॲडेनोसिन म्हणजे मेंदूचा स्वतःचा ब्रेक. पण पेशी वाचणं वेगळं, फीट थांबणं वेगळं. प्लासिबोशी (औषध नसलेल्या दिखाऊ डोसशी) ताडून पाहिलेली मोठी चाचणी यातल्या एकाही अळंबीच्या गाठीशी नाही.

आता दुसरी बाजू. कॅनाबिडिऑल हे औषध भांगेच्या झाडातून आलेलं, म्हणजे तेही नैसर्गिकच. २०१७ मध्ये ड्रॅव्हे सिंड्रोम (लहानपणी सुरू होणारा, औषधांना न जुमानणारा अपस्मार) असलेल्या १२० मुलांवर आणि तरुणांवर झालेल्या चाचणीचे आकडे आले: औषध घेणाऱ्यांमध्ये महिन्याच्या मोठ्या झटक्यांचा मध्यक १२.४ वरून ५.९ वर आला, प्लासिबो गटात १४.९ वरून १४.१ वर. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. क्लोबाझाम या फीटच्या गोळीसोबत घेतलं तर झोप वाढते, व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या गोळीसोबत यकृतावर ताण येऊ शकतो, हेही चाचण्यांमुळेच कळलं. किटोजेनिक आहाराचंही (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्टमय) तसंच. २००८ च्या चाचणीत आहार पाळणाऱ्या ३८ टक्के मुलांच्या फीट निम्म्याहून कमी झाल्या; न पाळणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६ टक्के होतं.

बाटलीच्या लेबलबद्दल थोडं. बऱ्याच कॅप्सूलमध्ये धान्यावर वाढवलेलं कवकजाल (अळंबीचे मुळांसारखे धागे) धान्यासकट दळलेलं असतं. मग 'पॉलिसॅकराइड (साखरेच्या लांब साखळ्या) ४० टक्के' या आकड्यात साधा स्टार्चही मोजला जातो. बीटा-ग्लुकनचा (अळंबीच्या पेशीभित्तिकेतलं पॉलिसॅकराइड) आकडा वेगळा दिला नसेल, तर आत अळंबी किती हे सांगता येत नाही. डोस ठरवायचा कशावर?

माझा कौल असा. फीट पूर्ण आटोक्यात असतील तर अळंबीकडून मिळवण्यासारखं काही नाही. एकच औषध फसलं असेल तर दुसरं नीट डोसमध्ये वापरून बघा. पहिल्याच औषधावर साधारण निम्मे रुग्ण फीटमुक्त होतात, दुसऱ्यावर आणखी काही. योग्य निवडलेली दोन औषधं फसली, तर एपिलेप्सी केंद्रात शस्त्रक्रियेची शक्यता तपासून घ्या. हे पाऊल लोक उगाच वर्षानुवर्षं लांबवतात. गोळ्या बंद करून अळंबी घेणं हा तर पर्यायच नाही: अचानक बंद केल्यास न थांबणारी फीट येऊन जीव जाऊ शकतो. जंगली अळंबीच्या वाटेलाही जाऊ नका. जायरोमिट्रासारख्या जातींच्या विषानेच फीट येते.

तरीही कॅप्सूल घ्यायचीच असेल, तर बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. त्या काळात दुसऱ्या कुठल्याच औषधाचा डोस बदलू नका आणि फीटची तारीखवार नोंद ठेवा. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर रेशी टाळलेलीच बरी. व्हॅल्प्रोएटने प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी होऊ शकतात, रेशीने रक्त गोठणं मंदावू शकतं, आणि रेशीच्या पावडरीनंतर यकृत बिघडल्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत.