एनपीएममधला मालवेअर रोखायला आधी काय लावावे: लॉकफाइल, स्क्रिप्टबंदी की सक्तीचा थांबा?

एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोड, मिळवण्याचे साधन आणि भांडार. त्यातून येणारा घातक कोड (मालवेअर) रोखायला छोट्या टीमपुढे चार फुकट उपाय आहेत: एनपीएम ऑडिट, इन्स्टॉल स्क्रिप्ट (पॅकेज बसवताना आपोआप चालणारा कोड) बंद ठेवणे, लॉकफाइल (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल) आणि नवी आवृत्ती काही दिवस न घेणे, म्हणजे सक्तीचा थांबा. सगळ्यात आधी शेवटचा लावा, असे आमचे ठाम मत आहे.

ऑडिट आधीच नोंद झालेले धोके तुमच्या पॅकेजांच्या यादीशी ताडून पाहते. आज सकाळी चढवलेले घातक पॅकेज त्याला दिसत नाही. शिवाय ते इन्स्टॉलनंतर चालवले, तर तोवर स्क्रिप्टने आपले काम उरकलेले असते. ते चालू ठेवा, पण भिस्त त्यावर नको.

स्क्रिप्टबंदीचा फायदा खरा आहे. ऑगस्ट २०२५ मधला एनएक्स या पॅकेजवरचा हल्ला आणि सप्टेंबरमधला शाय-हुलूड वर्म (आपोआप पसरणारा मालवेअर), दोन्ही पोस्टइन्स्टॉल (बसवल्यावर लगेच चालणाऱ्या) स्क्रिप्टमधून चालले आणि गिटहब, एनपीएमची टोकन (खात्यात शिरण्याच्या किल्ल्या) चोरत गेले. एनपीएमला पर्याय असलेल्या पीएनपीएमच्या १० व्या आवृत्तीपासून डिपेंडन्सींच्या (तुमचा कोड ज्यांवर अवलंबून आहे त्या पॅकेजांच्या) स्क्रिप्ट मुळातच बंद असतात; एनपीएममध्ये 'इग्नोर-स्क्रिप्ट्स=ट्रू' ही ओळ स्वतः घालावी लागते. मग बेटर-एसक्यूलाइट३सारखी नेटिव्ह भाग (त्या यंत्रासाठी खास बनवलेला कोड) लागणारी पॅकेजेस अडतात. तेवढ्या एका पॅकेजसाठी 'इग्नोर-स्क्रिप्ट्स=फॉल्स' देऊन एनपीएम रीबिल्ड चालवा; वैतागून बंदीच उठवू नका.

पण ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक, डीबगसह १८ पॅकेजेस बिघडवली गेली, तेव्हा ही बंदी कामाची नव्हती. तिथे इन्स्टॉल स्क्रिप्ट नव्हतीच. घातक कोड पॅकेजच्या आतच होता आणि तो ब्राउझरमध्ये चालून क्रिप्टो व्यवहारातला पत्ता बदलत होता. मेंटेनरला, म्हणजे ही पॅकेजेस सांभाळणाऱ्याला, फसव्या ईमेलने गाठले होते.

अशा वेळी लॉकफाइल कामी येते, अट एवढीच की सीआय सर्व्हरवर (कोड आपोआप तपासून बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी लॉकफाइलप्रमाणेच बसवणारे 'एनपीएम सीआय' चालवायचे. ती फाइल नसेल आणि पॅकेजांची मागणी नोंदवणाऱ्या पॅकेज.जेसनमध्ये ^५.६.० (५.६.० किंवा त्यापुढची ५ ची कोणतीही आवृत्ती चालेल) लिहिले असेल, तर त्या दिवशी चॉकची घातक ५.६.१ निमूट आत आली असती. मात्र लॉकफाइल जुने तेवढेच धरून ठेवते. कोणी अपडेट केले, किंवा अपडेट सुचवणाऱ्या बॉटची विनंती न वाचता मर्ज केली (कोडमध्ये मिसळली), की घातक आवृत्तीच त्यात पक्की होते.

थांबा नेमका हाच क्षण पकडतो. चॉकची घातक आवृत्ती सुमारे दोन तासांत काढली गेली. पीएनपीएम १०.१६ पासून वर्कस्पेस फाइलमध्ये 'मिनिममरिलीजएज' देता येते. आकडा मिनिटांत असतो: ४३२० म्हणजे तीन दिवस. सवयीने तिथे ३ लिहिलेत तर तीनच मिनिटांचे संरक्षण मिळेल! हा नियम आडवाटेने, म्हणजे दुसऱ्या पॅकेजमार्फत, येणाऱ्या डिपेंडन्सींनाही लागतो, आणि धोका बहुतेक तिथूनच येतो. एनपीएमवर असाल तर अपडेट करताना 'बिफोर' पर्यायात तीन दिवसांपूर्वीची तारीख द्या.

सावकाश उघड होणारा हल्ला यातूनही सुटतो. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीममार्फत आलेला फ्लॅटमॅप-स्ट्रीममधला कोड फक्त कोपे या क्रिप्टो वॉलेटच्या बिल्डमध्ये जागा होई. तो उघडकीला यायला दीड महिना गेला. दुसरी अडचण तातडीच्या दुरुस्तीची. डिसेंबर २०२५ मध्ये रिॲक्ट सर्व्हर कंपोनंट्समधले (वेबपेज बनवण्याच्या रिॲक्ट लायब्ररीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या भागातले) सुरक्षेचे भगदाड बुजवायला तीन दिवस थांबणे परवडणारे नव्हते. अशा वेळी 'मिनिममरिलीजएजएक्स्क्लूड' यादीत तेवढ्याच पॅकेजचे नाव घाला, लॉकफाइलमधला फरक ओळ न ओळ वाचा आणि अपडेट होताच ते नाव यादीतून काढा.