पन्हाळ्याची न झालेली डोंगर शर्यत आणि ४९,३२० रुपये

आकडा आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचे लिहायला सोपे जाईल: ४९,३२० रुपये. पन्हाळा ते मसाई पठार या मार्गावर पावसाळ्यात होणार म्हणून जाहीर केलेल्या पंचवीस किलोमीटरच्या डोंगर शर्यतीसाठी आम्हा नऊ जणांकडून ही रक्कम घेतली गेली, आणि ती सगळीच्या सगळी माझ्या खात्यातून गेली. मी एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात नोकरी करते. पावत्या, बिले आणि जीएसटीची विवरणपत्रे तपासणे हे माझे रोजचे काम आहे. हे वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी खुशाल हसावे, आमच्या गटातल्या दोघांनी ते माझ्या तोंडावरच उरकले आहे.

आमचा गट म्हणजे पहाटे विद्यापीठाच्या आवारात पळणारे आणि रविवारी जोतिबाच्या पायऱ्या किंवा वाघबीळपासून पन्हाळ्यापर्यंतचा चढ करणारे हौशी लोक. त्यात एक दंतवैद्य, दोन शिक्षक, एक गुळाचे व्यापारी आणि तीन महाविद्यालयीन मुले आहेत. साताऱ्याची हिल मॅरेथॉन आमच्यापैकी अनेकांनी केलेली आहे, त्यामुळे नोंदणी कशी होते, बिब म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक कसा मिळतो, टायमिंग चिप म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको होते. नवख्यांना गंडवले अशी ही गोष्ट नाही, आणि म्हणूनच ती लिहिते आहे. आपल्याला सगळे ठाऊक आहे असे ज्यांना वाटते, अशांसाठीच ही जाहिरात बेतलेली होती. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून त्या नावाला आलेले वजनही त्या लोकांनी नीट वापरले. कोल्हापूरच्या माणसाला पन्हाळ्यावर होणाऱ्या शर्यतीबद्दल शंका घ्यायला सांगणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही.

हिशेब असा. एकट्याने नोंदणी केल्यास २,७५० रुपये आणि आठपेक्षा जास्त जणांच्या गटाला माणशी २,३५०. म्हणजे नऊ जणांचे २१,१५०. त्यानंतर सक्तीचा सुरक्षा संच माणशी १,४८०, एकूण १३,३२०. दसरा चौकातून पहाटेची बस आणि शर्यतीनंतरचे जेवण माणशी ६५०, एकूण ५,८५०. शेवटी 'परतावा मिळणारी अनामत' माणशी १,०००, एकूण ९,०००. गटाची सवलत एकाच व्यवहारात पैसे भरल्यासच मिळेल अशी अट होती, आणि ती अट कशासाठी होती हे आता स्वच्छ दिसते: नऊ तक्रारदारांच्या जागी एकच तक्रारदार उरतो. अशी अट कुठेही दिसली तर सवलतीवर पाणी सोडा आणि प्रत्येकाने आपापले पैसे वेगळे भरा.

आता त्या संध्याकाळविषयी. पहिले २१,१५० रुपये पाठवल्यावर तासाभरात मला दोन गोष्टी आल्या, एक पावती आणि एक मार्गाची जीपीएक्स फाइल, म्हणजे घड्याळात किंवा मोबाइलवर उघडायचा मार्गाचा नकाशा. पावतीवर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक होता आणि त्याची सुरुवात २९ ने होत होती. महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि कर्नाटकाचा २९, हे मला झोपेतही सांगता येईल. माझ्या मनात आले ते इतकेच, की आयोजक बेळगावकडचे असतील. बेळगाव कोल्हापूरला लागून आहे, तिकडचे लोक इकडे शर्यती घेऊ शकतात, यात खटकण्यासारखे काय आहे? खटकण्यासारखे त्याच्या खालच्या ओळीत होते. कर केंद्राचा नऊ टक्के आणि राज्याचा नऊ टक्के असा विभागून लावला होता. कर्नाटकात नोंदलेल्या आयोजकाने महाराष्ट्रात होणाऱ्या क्रीडास्पर्धेच्या प्रवेशावर कर लावला, तर सेवेचे ठिकाण स्पर्धेचे स्थळ धरले जाते आणि एकत्रित अठरा टक्के आंतरराज्य कर लागतो. म्हणजे ही पावती ज्या कुणी बनवली त्याला जीएसटीचा गंधही नव्हता. एखाद्या अशिलाने अशी पावती माझ्या टेबलावर ठेवली असती, तर मी ती दोन मिनिटांत लाल शाईने परत केली असती. स्वतःची पावती मात्र मी मोबाइलवर, भाजी फोडणीला टाकता टाकता बघितली. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणाचाही क्रमांक फुकट तपासता येतो. तो मी पुढे कधीतरी तपासला, तेव्हा तो रद्द झालेल्या नोंदणीचा आणि एका फरशीच्या व्यापाऱ्याचा निघाला. शर्यतीची पावती आली की सगळ्यात आधी हा क्रमांक तिथे टाकून बघा, मग कोणाला अभिनंदनाचे संदेश पाठवायचे ते पाठवा.

दुसरी वस्तू जीपीएक्स फाइल. त्या पंचवीस किलोमीटरांत एकूण चढ २,२०० मीटर दाखवला होता. कोल्हापूरची सखल जमीन आणि पन्हाळ्याचा माथा यांच्यात सुमारे चारशे मीटरांचे अंतर आहे, आणि मसाई पठार हे नावाप्रमाणे पठार आहे. जांभ्या दगडाची लांबच लांब सपाटी, जिथे मैलोगणती चढच नाही. २,२०० मीटर चढ भरायचा तर माणसाने पन्हाळ्याच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाच वेळा वर चढून जायला हवे आणि तरीही थोडे उरेल. आम्ही सगळ्यांनी तो आकडा पाहिला. तो पाहून आमच्यातल्या एकालाही हा मार्ग दुसऱ्याच कुठल्यातरी डोंगराचा उचललेला आहे असे वाटले नाही. उलट सगळ्यांना तो आकडा आपल्या दमाला साजेसा वाटला आणि सरावाला जोर चढला. याबद्दल मी एकटीने मान खाली घालायची हे मला मान्य नाही. मार्ग तपासणे हे पैसे भरणाऱ्या बाईचे काम आणि फुशारकी मारणे बाकीच्यांचे, अशी वाटणी कोणी केली नव्हती.

जाहिरातीत युटीएमबी या आंतरराष्ट्रीय डोंगर शर्यतीचे 'स्टोन्स' मिळतील असेही लिहिले होते. फ्रान्समधल्या माँ ब्लाँच्या मुख्य शर्यतीच्या सोडतीसाठी लागणारे हे स्टोन्स फक्त युटीएमबी वर्ल्ड सिरीजमधल्या शर्यतींतच मिळतात आणि त्या शर्यतींची यादी त्यांच्या संकेतस्थळावर उघड आहे. तसेच आयट्रा या डोंगर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मूल्यांकन केलेल्या शर्यती त्या संस्थेच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. परदेशी संस्थेचे चिन्ह छापलेले दिसले की ते खरे आहे का हे त्या संस्थेच्या पानावर पाहा, आयोजकाच्या पानावर पाहू नका.

सुरक्षा संचाचे प्रकरण मला सगळ्यात जास्त लागले आहे. शिट्टी, डोक्याला बांधायचा दिवा, अंग गरम ठेवणारी चंदेरी चादर आणि एक पातळ जॅकेट यांसाठी १,४८० रुपये मागताना आयोजक म्हणवणाऱ्या माणसाने मला फोनवर चीनमधल्या गान्सू प्रांतातल्या शर्यतीची आठवण करून दिली. २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरच्या त्या शर्यतीत गारपीट, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा यांनी २१ धावपटूंचा जीव घेतला, हे डोंगरात पळणाऱ्या कोणालाही माहीत असते. "सर्वांच्या जिवाची जबाबदारी आमच्यावर आहे, मॅडम, आपण निश्चिंत राहा," असे तो अगदी सावकाश, शुद्ध मराठीत म्हणाला. श्रावणात मसाई पठारावर धुके आणि वारा कसा असतो हे मला ठाऊक असल्यामुळे मला तो माणूस जबाबदार वाटला. थंडीने आखडून मेलेल्या माणसांच्या नावावर त्याने माझ्याकडून १३,३२० रुपये काढले. खरे आयोजक सक्तीच्या साहित्याची यादी देतात आणि ते कुठूनही आणायला सांगतात. आमच्याकडूनच घ्या असा हट्ट कोणी धरला, तर तिथेच थांबा.

पैसे ज्या क्यूआरवर पाठवायचे होते, तो स्कॅन केल्यावर संस्थेऐवजी एका व्यक्तीचे नाव दिसत होते. मी विचारले होते, हे इथे मुद्दाम नोंदवते. "ते आमचे खजिनदार" असे उत्तर मिळाले. गावच्या तालमीपासून गणेश मंडळापर्यंत खजिनदाराच्या खात्यावर वर्गणी जमा करण्यात आपण वाढलेलो आहोत, त्यामुळे ते उत्तर पचले.

मग पाऊस आला. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी वाढत असल्याचा आयोजकांचा संदेश आला; ३९ फुटांची इशारा पातळी, ४३ फुटांची धोका पातळी, सगळे बरोबर लिहिलेले. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहरात या कारणाने शर्यत पुढे ढकलली तर कोण तक्रार करील? आम्ही त्यांचे कौतुक केले. नवी तारीख आली, तिच्यासोबत वनखात्याच्या परवानगीसाठी म्हणून ९,००० रुपयांची अनामत आली, आणि तीही मी भरली. बिब घेण्यासाठी ज्या सभागृहात बोलावले होते तिथे आम्ही पोहोचलो, तर दारात केळीचे खांब आणि आत साखरपुडा. रखवालदाराने आमच्या बुटांकडे पाहिले आणि म्हणाला, "इथं पळायचं काय न्हाई ताई, जेवायचं हाय. थांबतासा?" फोन तोपर्यंत बंद झाला होता.

त्यानंतर जे झाले त्याचा राग मला ठगांपेक्षा जास्त आहे, कारण ठगांकडून मी काही अपेक्षा ठेवली नव्हती.

पहिल्या पोलीस ठाण्यात अर्ज घेणाऱ्या अंमलदाराने पूर्ण हकिगत ऐकून घेतली आणि विचारले, "पैसे तुमीच पाठवलासा न्हवं? कुणी हात धरला हुता व्हय?" दुसऱ्याला तर शर्यतीसाठी पैसे भरावे लागतात हीच करमणूक वाटली, पन्हाळ्यावर पळायला कोण अडवतंय, असे तो शेजारच्याला म्हणाला आणि दोघे हसले. वेळ मोजणारी यंत्रणा, रुग्णवाहिका, वाटेवर उभे राहणारे स्वयंसेवक, पाणी आणि वाट चुकलेल्याला शोधणारी माणसे यांसाठी ते शुल्क असते, हे मी उभ्या उभ्या समजावून सांगत होते आणि बाकावर बसलेले लोक माझ्याकडे पाहत होते. हा व्यवहार दिवाणी स्वरूपाचा आहे, असे मला सांगण्यात आले. अस्तित्वात नसलेल्या शर्यतीचे पैसे घेणे दिवाणी कसे, याचे उत्तर मिळाले नाही. ऑनलाइन पैसे गेले म्हणून सायबरकडे जा, असा सल्ला मिळाला. तिथे रक्कम लहान आहे आणि माणसे कमी आहेत, तेव्हा स्थानिक ठाण्यातच जा, असे सांगितले गेले. परत स्थानिक ठाण्यात आले, तर खातेदार परराज्यातला असल्याने हद्द आपली नाही. नऊ कुटुंबांचे पैसे असताना 'लहान रक्कम' म्हणायला जीभ कशी वळते, हे मला समजत नाही. त्या तीन मुलांपैकी एकाने उन्हाळ्याच्या सुट्टीत दुकानात काम करून ते ५,४८० रुपये उभे केले होते.

बँकेने तर एका ओळीत विषय संपवला: व्यवहार ग्राहकाने स्वतः अधिकृत केलेला आहे. ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याची माहिती देता येत नाही, ते खाते चालू आहे का हेही सांगता येत नाही, आणि लेखी उत्तर हवे असेल तर लेखी अर्ज द्यावा. लेखी अर्जाचे लेखी उत्तर त्याच एका ओळीचे आले. त्यातल्या त्यात माणसासारखे बोलले ते वन कार्यालयातले एक कर्मचारी. त्यांनी नोंदवही उघडून अशा शर्यतीचा अर्जच आलेला नाही, हे तिथल्या तिथे सांगितले. ही चौकशी करायला मला पैसे जाण्याची वाट पाहण्याची गरज नव्हती असे आता सगळे म्हणतात. शर्यतीची नोंदणी करण्याआधी वन कार्यालयात जाऊन नोंदवही पाहून येणारा एक तरी धावपटू मला दाखवा, मग मी ऐकून घेईन. पण एवढे करा: आयोजकाकडे परवानगीच्या पत्राची प्रत मागा. जंगल असेल तर वनखात्याचे, संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याचे. पत्र न देता जो चिडतो, त्याला पैसे देऊ नका.

कायदा तोंडपाठ करून मगच ठाण्यात जा, हे मी फार महागात शिकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि ठाण्याने ती नोंदवायला नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते व त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मी 'हद्द' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा हे माहीत असते, तर इतके उंबरे झिजवावे लागले नसते. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवले गेले तरच काही हाती लागते. आमच्या बाबतीत पहिली रक्कम जाऊन बरेच आठवडे उलटले होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, पण प्रतिवादीचा पत्ताच खोटा असेल तर नोटीस कोणाला बजावणार, हा प्रश्न माझ्यापुढे उभा आहे.

तिन्ही मुलांचे मिळून १६,४४० रुपये मी माझ्या पगारातून परत केले. बाकीच्या पाच जणांनी घेतले नाहीत, पण त्यातल्या दोघांचे पहाटेचे नमस्कार पूर्वीसारखे राहिले नाहीत.

पोलीस अधीक्षकांकडे अर्ज स्पीड पोस्टाने पाठवला आहे आणि पोचपावती माझ्याकडे आहे. दरम्यान त्याच रंगांची, त्याच अक्षरांची जाहिरात आता राधानगरीच्या जंगलाचे नाव घेऊन फिरू लागली आहे. शुल्क २,९५० रुपये, गटाला सवलत आणि एकूण चढ पुन्हा तोच २,२०० मीटर. ज्यांनी तिथे पैसे भरले असतील त्यांनी क्यूआरवर दिसलेले नाव, व्यवहार क्रमांक आणि पावती यांची छायाचित्रे आजच काढून ठेवावीत आणि आपापल्या ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्यावी, एका गटाच्या नावाने एकच देऊ नये, म्हणजे निदान पुढच्या वेळी रक्कम लहान आहे असे कोणाला म्हणता येणार नाही.